काच नाही फुटत हो!

आमच्या टाकीत मँटिस श्रिंप आहे हे माहीत असलेला, घरी येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो. चपलासुद्धा नीट काढून होत नाहीत तोवर, "ही काच फोडतो ना म्हणे?" विचारताना डोळे असे लकाकतात की आज आपल्यासमोर फुटली तर काय बहार!

नाही फुटत. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी दहा मिलिमीटर काचेची टाकी आहे आणि आत जेमतेम वीतभरही नसलेला मोरपंखी मँटिस श्रिंप राहतो, कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातला, मुसळासारख्या दोन पुढच्या पायांनी ठोसे मारणारा. 1998 साली इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात टायसन नावाच्या अशाच एका मँटिस श्रिंपने टाकीची काच फोडली होती, ती गोष्ट जगभर झाली आणि तेव्हापासून या जातीच्या कपाळी तेवढंच लिहिलंय. आमच्याने दीड वर्षात काचेवर ठोसा मारला तो तीनदा, त्यातला एक मी बाहेरून काच पुसत असताना माझ्या बोटावर नेम धरून. काचेला ओरखडा नाही, मी मात्र स्टुलावरून पडता पडता वाचले.

डोंबिवलीत हा प्राणी पाळताना घात होतो तो उन्हाळ्याने. पण ते नंतर.

तारापोरवाला मत्स्यालयात लहानपणी बाबांबरोबर जायचे तेव्हापासून खाऱ्या पाण्याची टाकी डोक्यात होती. रंगीत मासे, प्रवाळ वगैरे नको होतं. आणि प्रवाळ आपल्याकडे घरात ठेवताच येत नाही. 2001 पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. एका दुकानदाराने हळूच "लाइव्ह रॉक पाहिजे का मॅडम, मिळेल" असं विचारलं होतं, म्हणजे समुद्रातून काढलेले प्रवाळाचे दगड. त्याला नमस्कार केला आणि भाजलेल्या मातीचे, सच्छिद्र, जड दगड घेतले. जिवाणूंना राहायला भोकं लागतात, ती समुद्रातून उपटून आणलेलीच असली पाहिजेत असं नाही.

ऑक्टोबरमध्ये टाकी आली. पाणी, वाळू, दगड, काच, लोखंडी स्टँड धरून वजन पाव टनाच्या वर जातं, म्हणून ती हॉलच्या मधोमध नाही, बीमलगत भिंतीशी लावली. पाणी आरओचं. इथे एक ठेच खाल्ली ती सांगते: घरातल्या पिण्याच्या आरओला चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा एक स्क्रू असतो. तो बंद करेपर्यंत माझं "शुद्ध" पाणी शुद्ध नव्हतंच. मग मीठ, म्हणजे समुद्री क्षारांची तयार पावडर, सहा किलोच्या आसपास. घनता 1.025.

आणि मग काही नाही. पाच आठवडे रिकामी टाकी बघत बसायचं. आत एक सोललेली कोळंबी टाकली आणि सडू दिली. तिचा अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही सगळी मंडळी दगडांत वस्तीला येईपर्यंत जित्राब सोडलं तर ते स्वतःच्याच घाणीत मरतं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की मी परीक्षानळीत थेंब मोजत बसायची. नवरा म्हणाला, "चाळीस हजार घालून तू घरात एक कोळंबी कुजवलीस." आकडा त्याने कमी सांगितला होता, मी दुरुस्त केला नाही.

या पाच आठवड्यांत बिळाचं काम केलं. मँटिसच्या टाकीत खरी वस्तू एकच, बीळ. बाकी सजावट आपल्यासाठी. दोन इंची पीव्हीसी पाइप, दोन एल्बो, इंग्रजी यू सारखा आकार, दोन्ही तोंडं वर उघडी, मधला भाग वाळूत पुरलेला. हार्डवेअरवाल्याने विचारलं, "बाथरूम का किचन?" मी म्हटलं, "बेडरूम." आतून पाइप सॅंडपेपरने खरवडला, नाहीतर पाय घसरतात. प्रकाशही मंदच ठेवला. झगझगीत दिव्याखाली या जातीच्या कवचाला रोग धरतो असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

सासूबाई वेंगुर्ल्याच्या. जानेवारीत पिशवीतून प्राणी बाहेर आला, हिरवा अंगरखा, लाल मुसळं, बाजूला बिबट्यासारखे ठिपके, देठावर फिरणारे दोन डोळे, एक इकडे बघतोय आणि एक तिकडे. आईंनी चष्मा वर केला.

"ह्यां काय गो हाडलंस?"

"मँटिस श्रिंप, आई."

"आमच्या रापणीत गावलो तर कोण हात लावणा नाय ह्येका."

रापणीत किंवा ट्रॉलरच्या जाळ्यात येतो तो याचा चुलतभाऊ. करड्या रंगाचा, पंजाला काटे असलेला, भक्ष्याला भोसकणारा. तो ढिगाने येतो आणि बराचसा वाळवून मासळीच्या कुटात जातो. आमचा भोसकत नाही, हाणतो. त्याच्या कोपराशी खोगिरासारखी वळलेली एक कमान आहे; स्नायू ती ताणून ठेवतात, खिटी सुटली की मुसळ सेकंदाला तेवीस मीटरपर्यंत वेगाने जातं. 2004 साली शीला पटेक या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं. त्या वेगाने पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि ते मिटताना दुसरा दणका बसतो, म्हणजे एका ठोशात दोन. घरात ते ऐकू येतं कसं, तर शेजारच्या खोलीत कुणीतरी कॅरमचा स्ट्रायकर लाकडावर आपटावा तसं. रात्री दीड वाजता टक्. मग जरा थांबून टक् टक्. तिसरी, म्हणजे शिंपली, फुटली.

हो, तो तिसऱ्या खातो. रविवारी बाजारात मी कोळणीकडे तिसऱ्यांचा वाटा आपल्यासाठी घ्यायचे आणि दहा-बारा वेगळ्या काढायचे. कधी छोटी चिंबोरी. "एकच?" "हो मावशी, एकच." "कुणी आजारी हाय का?" आमच्या पोटात गेलेल्या तिसऱ्यांची कवचं आई फेकेनात. उकळून, घासून, गच्चीत वाळवून बरणीत भरायला लागल्या. मी काही सांगितलं नव्हतं. त्या मूठभर टाकीत टाकायच्या आणि हा बाहेर येऊन एकेक उचलून, फिरवून, पारखून बिळाच्या तोंडाशी रचायचा. आवडली नाही तर लांब नेऊन टाकायचा. "मुकादम आसा," आई म्हणाल्या. नाव ठेवलं गेलं.

आता उन्हाळा. मुकादमाला पाणी चोवीस-पंचवीस अंश लागतं. मार्चमध्येच आमच्या हॉलमध्ये एकतीस. आधी पृष्ठभागावर पंखा लावला. पाणी उडून दोन अंश थंड होतं खरं, पण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. आठवड्यात घनता 1.028 झाली. म्हणून रोज अडीच लिटर गोडं पाणी भरायचं. इथे चुकून खारं भरणारे लोक मी पाहिलेत. पंखा पुरेना म्हणून चिलर. फ्रिज दुरुस्त करणारा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "ताई, जुन्या फ्रिजची कॉइल आहे, निम्म्या पैशात करून देतो." कॉइल तांब्याची. खाऱ्या पाण्यात तांबं विरघळतं आणि कवचधारी प्राण्यांना ते विष. तो बिचारा भल्यासाठीच सांगत होता. चिलरला टायटॅनियमची कॉइल लागते आणि किंमत ऐकून नवरा त्या दिवशी जेवताना बोलला नाही. शिवाय चिलर पाण्यातली उष्णता हॉलमध्येच ओकतो. मुकादम पंचविसात, आम्ही पस्तिसात.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी लाइट गेली ती रात्री आठला आली. मी ऑफिसात. आईंनी फोन केला तेव्हा पाणी तीस अंशांवर, मुकादम बिळाबाहेर आडवा. बॅटरीवरचा हवेचा पंप कपाटात होता, तो त्यांना फोनवरून लावायला सांगितला. बर्फ थेट टाकू नका, बाटलीत भरून, बूच घट्ट लावून तरंगत ठेवा. शेजारच्या तीन घरांतला बर्फ गोळा करून त्यांनी बाटल्या बदलत्या ठेवल्या. मी पोचले तेव्हा त्या मोबाइलच्या उजेडात थर्मामीटर धरून बसलेल्या, पाणी अठ्ठावीस.

दुसऱ्या दिवशी बिळाची दोन्ही तोंडं बंद. तिसऱ्यांच्या कवचांनी, वाळूने, आतून चिणलेली. तिसरी टाकली तर तशीच पडून. चार दिवस, आठ दिवस. मारला आपण, एवढंच डोक्यात. पाइप उपसून बघावा म्हणून बाही वर केली तर आई ओरडल्या.

"हात घालू नको! कुर्लो कात टाकता तेवा असोच लपान बसता. मऊ आसता तो."

कुर्ल्यांसारखे, म्हणजे खेकड्यांसारखे, मँटिसही कात टाकतात हे मी वाचलं होतं. पण ते माहीत असूनही सुचलं नाही, त्यांना सुचलं. मी रोज अमोनिया मोजायला लागले. टाकीत मेलेला असता तर आकडा वर गेलाच असता. शून्य. दहाव्या दिवशी शून्य. चौदाव्या दिवशी शून्य.

सोळाव्या सकाळी चहा ठेवायला उठले तर पूर्वेकडचं तोंड उघडं आणि बाहेर मुकादम पडलेला, निर्जीव, काचेसारखा आरपार. पोटात खड्डा पडला. मग त्याच्याच मागे, भोकातून, देठावरचे दोन डोळे. बाहेर पडलेला होता तो नुसता अंगरखा, मिशांपासून शेपटीपर्यंत अख्खा, मुसळांच्या टोप्यांसकट. आत बसलेल्याचा रंग असा ताजा की कालच रंगवून वाळत घातलाय.

नवं कवच कडक होईतो ठोसा मारता येत नाही, म्हणून चिमट्याने कोळंबीचे तुकडे दिले. तो अंगरखा आईंनी वेलदोड्याच्या डबीत कापूस घालून ठेवलाय. पाहुणा काचेबद्दल विचारायला लागला की त्या उठून डबी आणतात. आणि आज बाजारातून तिसऱ्यांचे दोन वाटे आलेत, मी एकच सांगितला होता.