तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्ही लायसन्स फी हवी की नको?

सार्वजनिक प्रसारणाचा खर्च टीव्ही लायसन्स फीमधून, म्हणजे टीव्ही पाहण्यासाठी दरवर्षी भरायच्या शुल्कातून, भागवावा का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझं मत असं की पैसा लोकांकडून थेट आणि फक्त याच कामासाठी घ्यावा, पण तो टीव्ही संचाशी बांधू नये. आणि फी कशावर लावायची यापेक्षा तिचा दर कोण ठरवतो, हे जास्त महत्त्वाचं आहे.

ब्रिटनची पद्धत आधी पाहू, तिथं या फीवर बीबीसी चालते. १९४६ मध्ये वर्षाला २ पौंडांनी सुरू झालेली फी एप्रिल २०२५ मध्ये १७४.५० पौंडांवर गेली. कोणतीही वाहिनी, कोणत्याही उपकरणावर, प्रसारण चालू असतानाच पाहिली तर लायसन्स लागतं, मग बीबीसी कधी लावली नसली तरी. सप्टेंबर २०१६ पासून बीबीसीच्या आयप्लेअर या इंटरनेट सेवेवर जुना कार्यक्रम पाहायलाही ते लागतं. दुसऱ्या अ‍ॅपवर चित्रपट पाहिला तर नाही, त्याच अ‍ॅपवर थेट सामना पाहिला तर हो.

म्हणजे फी लागू आहे की नाही, हे माणूस बंद दाराआड काय पाहतो यावर ठरतं. ते सिद्ध करायला पत्रं पाठवावी लागतात, तपासनीस पाठवावे लागतात, आणि घरच्यांची परवानगी किंवा न्यायालयाचं वॉरंट असल्याशिवाय त्यांना घरात शिरता येत नाही. चुकवणं हा फौजदारी गुन्हा आहे, दंड १००० पौंडांपर्यंत. दोषी ठरणाऱ्यांत स्त्रियांची संख्या कितीतरी जास्त, कारण दिवसा दार उघडायला बहुधा त्याच घरी असतात. हे मला अतिशय अन्यायाचं वाटतं.

जर्मनीनं २०१३ मध्ये ही कटकट मिटवली. टीव्ही असो वा नसो, एका घराला एक शुल्क. पत्ते नगरपालिकांच्या नोंदींतून मिळतात, त्यामुळे घरात कोणती उपकरणं आहेत हे विचारायची गरजच उरली नाही. सामाजिक मदतीवर जगणाऱ्यांना सूट मागता येते. दुसऱ्या घरासाठी त्याच माणसाकडून पुन्हा पैसे घेतले जात होते, ते २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयानं चूक ठरवलं. एक दोष मात्र राहिला: श्रीमंताला आणि जेमतेम कमावणाऱ्याला रक्कम सारखीच. स्वीडननं २०१९ पासून करपात्र उत्पन्नाच्या १ टक्का, वर मर्यादा घालून, अशी आकारणी केली. वसुली करखातं करतं, पण पैसा सरकारी अंदाजपत्रकाबाहेर राहतो.

पैसे भरेल त्यालाच कार्यक्रम दाखवायचे, हा वर्गणीचा पर्याय मला पटत नाही. पैसे न भरणाऱ्याला रेडिओ ऐकण्यापासून अडवता येत नाही, आणि मुलांचे कार्यक्रम किंवा लहान भाषांतल्या बातम्या वर्गणीदारांच्या संख्येवर टिकत नाहीत.

आता दर. वेगळी फी म्हणजे सरकारपासून स्वातंत्र्य, असं मानलं जातं. ब्रिटनमध्ये २०१० साली सरकारशी झालेल्या मोजक्या दिवसांच्या वाटाघाटींत फी १४५.५० पौंडांवर गोठवली गेली आणि परदेशांतल्या श्रोत्यांसाठीच्या वर्ल्ड सर्व्हिसचा खर्चही बीबीसीवर टाकला गेला. रक्कम मंत्री ठरवत असतील तर लगामही त्यांच्याच हाती असतो. फ्रान्सनं २०२२ मध्ये १३८ युरोंची फी रद्द करून मूल्यवर्धित कराचा वाटा दिला. त्यामुळे प्रसारकाला दरवर्षी अंदाजपत्रकाकडे डोळे लावून बसावं लागतं.

जर्मनीत प्रसारक आपली गरज मांडतात, स्वतंत्र आयोग ती छाटून दर सुचवतो आणि मग सोळाही राज्यांच्या विधानसभांची मंजुरी लागते. २०२० मध्ये आयोगानं महिना १७.५० वरून १८.३६ युरो सुचवले. ८६ सेंटची ही वाढ झाक्सेन-आनहाल्ट या एकट्या राज्यानं अडवली. २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयानं ती लागू केली: कार्यक्रम आवडत नाहीत म्हणून पैसे रोखता येणार नाहीत, हे त्यामागचं तत्त्व.

तरीही भोक उरलंच. जानेवारी २०२५ पासून लागू व्हावेत म्हणून आयोगानं १८.९४ युरो सुचवले, राज्यांनी ते वेळेत मंजूर केले नाहीत आणि प्रसारकांना पुन्हा न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. म्हणून कायद्यातच लिहायला हवं: ठरलेल्या मुदतीत पुरेशा राज्यांनी कारणं देऊन लेखी नकार दिला नाही, तर आयोगाचा दर आपोआप लागू होईल. बीबीसी ज्या शाही सनदेनुसार चालते, तिची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. तिथंही घरटी शुल्काबरोबर असा आयोग आणि असंच कलम आलं पाहिजे.