बाहेरच्या विजेशिवाय कॅम्परव्हॅन: लिथियम बॅटरीवर केलेला प्रवास

किनाऱ्यावरून निघायचं, कोरडं पठार ओलांडायचं आणि बर्फ पडणारा उंच घाट चढून पलीकडच्या दरीत उतरायचं, असा आमचा मार्ग होता. वाटेत कुठेही बाहेरच्या विजेची जोडणी घ्यायची नाही हे निघण्यापूर्वीच ठरलं होतं. फ्रिज, दिवे, पंखा, पाण्याचा पंप, लॅपटॉप, इंडक्शन शेगडी, सगळं गाडीतल्या लिथियम बॅटरीवर. ते शेवटपर्यंत पार पडलं. कुणी अशाच तयारीला लागलं असेल तर उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बॅटरी घेताना जो तो विचारतो, "किती एएचची घेऊ?" (एएच म्हणजे अँपिअर-तास, साठवणीचं माप.) मला विचाराल तर आधी विचारायला हवं, "ती रोज भरणार कशी?" मोठी बॅटरी घेतली आणि भरायची सोय तुटपुंजी ठेवली, तर चौथ्या-पाचव्या दिवशी ती रिकामी होणारच. उलट बॅटरी बेताची आणि भरण सशक्त असेल तर गाडी महिनोन्‌महिने बाहेर राहू शकते.

म्हणून आधी खर्च कागदावर मांडा. कंप्रेसरचा लहान फ्रिज चालू असताना ५० वॅटच्या आसपास घेतो, पण तो सतत चालत नाही. दिवसाला ४०० ते ६०० वॅट-तास धरावेत. इंडक्शन शेगडी १८०० वॅटवर २० मिनिटं चालवली की ६०० वॅट-तास गेले, म्हणजे फ्रिजच्या अख्ख्या दिवसाइतके. लॅपटॉप तीन तास धरला तर १८०. दिवे, पंप आणि रात्रीचा पंखा मिळून २०० ते ३००. आणि कागदावर सहसा न येणारा एक खर्च आहे, तो म्हणजे बॅटरीची वीज घरगुती विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरचा स्वतःचा. त्यावर काहीही लावलेलं नसलं तरी मोठा इन्व्हर्टर २० वॅट सहज खातो. चोवीस तास चालू ठेवला तर ४८० वॅट-तास, म्हणजे दुसरा फ्रिजच! आम्ही त्याचं बटण शेगडीच्या शेजारी घेतलं होतं. शेगडी बंद केली की तोही बंद. लॅपटॉपला थेट १२ व्होल्टवर चालणारा चार्जर होता, त्यामुळे इन्व्हर्टरची दिवसभर गरजच पडली नाही.

बॅटरी कुठल्या जातीची, यावर माझं मत पक्कं आहे: राहत्या गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्यावी. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत कोबाल्ट होतं. फॉस्फेटचा पर्याय जॉन गुडइनफ यांच्या गटाने टेक्सास विद्यापीठात १९९० च्या दशकात पुढे आणला. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, म्हणून सेल फार तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही आणि आग भडकण्याचा धोका बराच कमी होतो. वजनाच्या मानाने साठवण थोडी कमी मिळते, पण ज्या फळीखाली बॅटरी आहे तिच्यावरच रात्री झोपायचं असेल तर हा सौदा मी कधीही करीन. शिवाय आयुष्य भरण्या-वापरण्याच्या हजारो चक्रांचं. लेड-अ‍ॅसिडमधली निम्मीच वीज वापरणं शहाणपणाचं असतं, इथे ८० टक्के निर्धास्त वापरता येते. १०० एएचची लिथियम बॅटरी साधारण १२ किलोची असते. तेवढ्याच एएचची लेड-अ‍ॅसिड उचलायची तर २५ ते ३० किलो.

आमच्याकडे १०० एएचच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या होत्या. १२.८ व्होल्टने गुणलं की २५६० वॅट-तास, त्यातले सुमारे दोन हजार वापरायचे. एकच का नाही घेतली, तर बीएमएसमुळे. बॅटरीच्या पोटातलं हे सर्किट व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान यांच्यावर पहारा ठेवतं आणि मर्यादा ओलांडली की बॅटरीची जोडणी तोडतं. १०० एएचच्या पुष्कळ बॅटऱ्यांत ते १०० अँपिअरचं असतं. २००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला, नुकसान धरून, १७० अँपिअरच्या पुढे ओढतो. एकट्या बॅटरीचा बीएमएस तिथे हात वर करणार. म्हणून माहितीपत्रकात एएचच्या आधी सततचा प्रवाह किती ते वाचा.

समांतर जोडायच्या बॅटऱ्या एकाच बनावटीच्या आणि एकाच वयाच्या घ्या. आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा, मगच जोडा. गाडीकडे जाणारी पॉझिटिव्ह तार एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून काढा, म्हणजे दोघींवर भार सारखा वाटला जातो.

किनाऱ्यावर आभाळ भरलेलंच होतं. छतावर सपाट बसवलेली ४०० वॅटची पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला दीड हजार वॅट-तासांच्या आसपास देतात, पण ढगाळ दिवशी जेमतेम तीनशे. तिथे खरा आधार मिळाला तो इंजिनावरून भरणाऱ्या डीसी-डीसी चार्जरचा. ३० अँपिअरचा चार्जर म्हणजे तासाला साधारण ४०० वॅट-तास. जागा बदलायला दीड तास गाडी चालवली की फ्रिजची ददात मिटायची.

हा चार्जर मध्ये न घालता अल्टरनेटरची (इंजिनावर चालणाऱ्या वीज-जनित्राची) तार सरळ लिथियमला जोडू नका, असं कळकळीने सांगतो. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी. ती अल्टरनेटर देईल तेवढा प्रवाह घेत राहते. इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटरचा पंखाही मंद, त्यामुळे तो तापून जळू शकतो. आणि भर चार्जिंगमध्ये बीएमएसने बॅटरी अचानक तोडली, तर व्होल्टेजची जी उसळी येते ती अल्टरनेटरचे डायोड उडवू शकते. नव्या गाड्यांतले संगणक-नियंत्रित अल्टरनेटर तर मध्येच व्होल्टेज इतकं उतरवतात की राहत्या भागाची बॅटरी नीट भरतच नाही. डीसी-डीसी चार्जर या तिन्ही गोष्टी सांभाळतो.

किती वीज उरली हे व्होल्टमीटरवर बघू नका. किनाऱ्यावरच्या एका रात्री झोपताना पडद्यावर १३.२ व्होल्ट होते आणि सकाळी १३.१. व्होल्टमीटरच्या लेखी काहीच घडलं नव्हतं. प्रवाह मोजणाऱ्या शंटच्या मीटरवर मात्र ७८ टक्क्यांचे ५५ झाले होते. लिथियमचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ हलत नाही आणि शेवटी धाडकन कोसळतं. म्हणून आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजणारा शंट हवाच. तो निगेटिव्हवर बसतो, आणि गाडीतली प्रत्येक निगेटिव्ह तार त्याच्या पलीकडच्या टोकाला यायला हवी. एखादी तार सरळ बॅटरीवर राहिली तर तेवढा हिशेब चुकला. दोन-तीन आठवड्यांतून एकदा तरी बॅटरी पूर्ण १०० टक्क्यांपर्यंत भरू द्या. मोजणीतली तूट भरून निघते, आणि सेल एकमेकांशी जुळवून घेण्याचं कामही बीएमएस बहुधा त्या शेवटच्या टप्प्यातच करतो.

पठारावर ऊन भरपूर, रस्ता मात्र दगडगोट्यांचा. रोज संध्याकाळी, शेगडीचं काम आटोपलं की लगेच, मी तारांच्या लगवरून (टोकाच्या धातूच्या कड्यांवरून) हात फिरवायचो. एके दिवशी बसबारवरचा (अनेक तारा एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीवरचा) इन्व्हर्टरचा पॉझिटिव्ह लग बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागला, बोट टेकवून ठेववेना. मुख्य स्विच बंद करून पाना लावला तर नट पाव फेरा फिरला. हादऱ्यांनी सैल झाला होता. सैल जोड म्हणजे रोध, रोध म्हणजे उष्णता, आणि दीडशे अँपिअर वाहताना थोडासा रोधही प्लास्टिक वितळवायला पुरतो. नटाखाली स्प्रिंग वॉशर घाला, घट्ट केल्यावर रंगाची रेघ मारून ठेवा. रेघ सरकली की लगेच कळतं.

फ्यूजच्या बाबतीत काटकसर नको. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते आणि स्वस्त फ्यूज वितळल्यावरही त्यात ठिणगी चालूच राहू शकते. बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून, एवढा प्रवाह खात्रीने तोडणारा क्लास टी जातीचा फ्यूज बसवा. २००० वॅटच्या इन्व्हर्टरला तार ७० चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड.

घाटात रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला. गोठवणाऱ्या थंडीत लिथियममधून वीज काढता येते, पण शून्याखाली तिच्यात भरायची नाही. थंड सेलमध्ये लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरत नाही, पृष्ठभागावर धातूच्या थरासारखं साचतं. ते नुकसान कायमचं, आणि साचलेल्या धातूमुळे पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती. कमी तापमानाला चार्जिंग तोडणारा बीएमएस आहे ना हे विकत घेतानाच विचारा. स्वस्त बॅटऱ्यांत तो बरेचदा नसतो.

आमच्या बॅटऱ्या बाकाखाली, राहत्या भागात होत्या. सकाळी बाहेर पाण्याची बादली गोठलेली, पण सेलचं तापमान ६ अंश. लख्ख ऊन पडलं होतं आणि पॅनेल बिनधास्त भरू शकत होती. फक्त शून्याच्या इतक्या जवळ प्रवाह कमी ठेवावा, म्हणून डीसी-डीसी चार्जर अर्ध्यावर आणला. गाडीखाली बाहेरच्या खणात बॅटरी ठेवायची असेल तर आतच हीटर असलेली घ्या. इंजिनाशेजारी मात्र नको, तिथली उष्णता आयुष्य खाते.

डिझेल हीटर असेल तर थंडीत २० टक्के राखीव ठेवा. तो पेटताना दहाएक अँपिअर घेतो, मग फारच थोडे. पण विझवल्यावर पंख्याने स्वतःला थंड करायला त्याला काही मिनिटं वीज लागते. त्याच वेळी बीएमएसने बॅटरी तोडली तर तापलेला हीटर तसाच राहतो.

गाडीत आधीपासून लेड-अ‍ॅसिडचा चार्जर असेल तर त्याची सेटिंग तपासल्याशिवाय लिथियम जोडू नका. मुख्य टप्पा १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट (भरून झाल्यावर टिकवून ठेवायचा टप्पा) १३.५ किंवा बंद, आणि इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडसाठीचा जादा व्होल्टेजचा टप्पा) पूर्ण बंद. तो १५ व्होल्टच्या वर जातो. सौर चार्जरलाही हेच आकडे द्या.

परतल्यावर गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद करा. पूर्ण भरून उन्हात ठेवणं तिला मानवत नाही. पॅनेलचा स्विचही वेगळा बंद करायचा आणि तोही पॅनेल आणि चार्जर यांच्या मधला. बॅटरी आधी तोडली आणि पॅनेल चालूच राहिली तर काही चार्जर बिघडतात. बीएमएस स्वतः थोडी वीज खातच असतो, म्हणून दोनेक महिन्यांनी एकदा टक्केवारी बघून थोडं भरून ठेवा.