‘ड’चा पाय मोडला आणि माझा नवा कीबोर्ड

जूनचा दुसरा आठवडा. फोंड्यात पावसाने चार दिवस उसंत घेतली नव्हती, आणि माझ्या जुन्या मेकॅनिकल कीबोर्डची डी एकदा दाबली की दोनदा उमटायला लागली.

माझं काम डीटीपीचं. लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, जत्रांच्या स्मरणिका. सगळं टायपिंग इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीत. रात्री दहानंतर त्याच टेबलावर, त्याच कीबोर्डवर काउंटर-स्ट्राइक हा बंदुकीचा गेम. इनस्क्रिप्टमध्ये डी म्हणजे हलंत. उत्सव, प्रसाद, कार्यक्रम, जोडाक्षर आलं की डावं बोट डीवर जाणार. गेममध्ये डी म्हणजे उजवीकडे सरकणं. दिवसा आणि रात्री मिळून माझ्याकडे सगळ्यात जास्त राबणारी की हीच.

मी स्विच उघडून पाहिला. आत धातूची दोन पाती असतात, ती एकमेकांना टेकली की संगणकाला कळतं की दाबली. त्या पात्यांवर बारीक हिरवट थर होता. पाती टेकताना तशीही जराशी थरथरतात. कीबोर्डचा प्रोग्राम साधारण ५ मिलिसेकंद थांबून ती थरथर गाळून टाकतो, पण पाती खराब झाली की थरथर त्याच्या पलीकडे जाते आणि एकाचे दोन होतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, वर खाडीवरून येणारा खारा वारा. इथे कुलपं, पंख्याचे स्क्रू, गॅसची शेगडी सगळं गंजतं, तर स्विचचं काय घेऊन बसायचं? आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दहा दिवस काढले. मग परत तेच.

म्हणून मी ॲडजस्टेबल ॲक्चुएशनच्या, म्हणजे की किती खोल गेल्यावर नोंद व्हावी हे बदलता येणाऱ्या कीबोर्डांकडे वळलो तो वेगासाठी नव्हे. त्यात टेकणारी पातीच नसतात, हे माझं पहिलं कारण.

कीच्या दांड्याला छोटं चुंबक असतं आणि खाली बोर्डावर सेन्सर. की खाली येईल तसं चुंबकीय क्षेत्र वाढतं आणि सेन्सर सतत सांगत राहतो की आता इतकी खाली, आता इतकी. यामागचा परिणाम एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधला. कीबोर्डात तो १९६०च्या दशकाच्या अखेरीस हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागाने आणला. म्हणजे हे तंत्र माझ्या बाबांच्या वयाचं. नवं आहे ते एवढंच, की किती खोलीवर ‘दाबली’ समजायचं हे आता आपण ठरवतो. चेरीच्या लाल स्विचमध्ये एकूण प्रवास ४ मिलिमीटर आणि नोंद २ मिलिमीटरवर, कारखान्यात ठरली ती ठरली. चुंबकी स्विचमध्ये तीच नोंद ०.१ पासून ४ पर्यंत कुठेही ठेवता येते, आणि चांगल्या बोर्डावर प्रत्येक कीसाठी वेगळी.

माझा भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. रविवारी तो त्याचा रेझर हंट्समन व्ही३ प्रो घेऊन आला. त्यात चुंबकाऐवजी प्रकाश असतो, पण तिथेही पाती नाहीत. मी दोन तास खेळलो आणि उठावंसं वाटेना.

“मामा, तू सगळं पॉइंट वन मिलिमीटरवर ठेव,” तो म्हणाला, “मग बघ.”

“आणि पत्रिका कोण टाइप करणार?”

“त्याला दुसरा कीबोर्ड ठेव ना.”

टेबल अडीच फुटांचं, त्यावर प्रूफांचे गठ्ठे. दुसरा कीबोर्ड ठेवायला जागा नाही, आणि मला ठेवायचाही नव्हता.

पुढचे तीन आठवडे मी फक्त हाच अभ्यास केला. स्टीलसिरीजचा एपेक्स प्रो टीकेएल खूप आवडला होता. त्यावर छोटा ओलेड पडदा आहे, कीबोर्डवरच खोली बदलता येते. पण याच नावाच्या २०१९च्या पहिल्या मॉडेलमध्ये चुंबकी स्विच फक्त मधल्या मुख्य भागात होते, बाकीच्या की साध्या. त्यामुळे जुना साठा किंवा सेकंडहँड घेणाऱ्याने मॉडेलचं वर्ष विचारून घ्यावं. कीक्रोनचा के२ एचई दिसायला सगळ्यात देखणा, बिनवायरीही चालतो, एका आवृत्तीत बाजूला लाकडी पट्ट्या. लाकूड पाहून मी थांबलो. आमच्याकडे जुलैत दारं फुगून चौकटीत बसत नाहीत.

वूटिंग ही नेदरलँड्सची छोटी कंपनी. रॅपिड ट्रिगर, म्हणजे की जराशी वर आली की लगेच सुटली असं धरणं, हा प्रकार गेमिंगमध्ये रुजवला तो यांनीच. त्यांचा ६०एचई सगळ्या व्हिडिओंत दिसतो, पण त्याला ॲरो कीज नाहीत. दिवसभर मजकुरात मागेपुढे जाणाऱ्या माणसाला ॲरो कीशिवाय कसं चालेल? त्यामुळे ८०एचई. जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी होती आणि प्लास्टिकचीही. मी प्लास्टिकची घेतली. धातू दिसतो भारी, पण इथल्या हवेत मला तो नको.

पण खरा निर्णय सेटिंगच्या पानावर झाला. ते ब्राउझरमध्ये उघडतं, वेगळा प्रोग्राम मशीनवर बसवावा लागत नाही, आणि प्रोफाइल, म्हणजे जतन केलेल्या सेटिंग्ज, कीबोर्डातच राहतात. माझं डीटीपीचं मशीन जुनं आहे, त्यावर मी काहीही नवं चढवत नाही. तोटाही सांगतो: बोर्ड परदेशातून येतो, वर कस्टम्सचा भार, आणि काही बिघडलं तर पणजीतल्या अठरा जून रस्त्यावर जाऊन बदलून मिळत नाही. त्यातल्या त्यात स्विच हाताने उपटून बदलता येतात, हे मी आधी खात्री करून घेतलं.

चवथीच्या आधी तो हातात आला. आणि मी भाच्याचं ऐकलं. सगळं ०.१.

रात्री खेळ झकास झाला. सकाळी आमच्या वाड्यावरच्या देवस्थानाच्या स्मरणिकेची बत्तीस पानं टाइप केली आणि प्रूफ गुरुजींकडे पाठवलं. गुरुजी निवृत्त मराठी शिक्षक. ते प्रूफ वाचतात तेव्हा पेन्सिल कानावर असते. संध्याकाळी ते स्वतःच दुकानात आले.

“उत्सव मंडळाच्या ‘ड’चा पाय कुणी मोडला?”

मी पाहिलं. ‘मंड्ळ’. पाच ठिकाणी. ‘मंगेशी’त एकावर एक दोन मात्रा. एका नावात मधेच ठिपक्यांचं वर्तुळ. गुरुजींनी एकूण एकेचाळीस खुणा केल्या होत्या. छापून गेलं असतं तर वाड्यात तोंड दाखवता आलं नसतं. त्या रात्री मी खेळलो नाही.

कारण शोधायला बसलो. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताची विश्रांतीची जागा म्हणजे ए, एस, डी, एफ. या चार कींवर ओकार, एकार, हलंत आणि पहिली वेलांटी. इंग्रजीत चुकून ए उमटला तर डोळ्याला लगेच खुपतो. मराठीत हीच बोटं मात्रांवर टेकलेली असतात, आणि जास्तीची मात्रा अक्षराला जाऊन चिकटते. ती सहज दिसत नाही. वूटिंगच्या पानावर प्रत्येक की या क्षणी किती खाली आहे हे दिसतं. मी हात नुसते ठेवले, काहीच न दाबता. डावं मधलं बोट डीवर ०.३ मिलिमीटर दाबून बसलं होतं. अनामिका एसवर ०.४. पंधरा वर्षं टाइप करतोय, माझी बोटं अशी टेकून बसतात हे मला कधी कळलंच नव्हतं.

मग मी टायपिंगचं प्रोफाइल नव्याने बांधलं. ए, एस, डी, एफ २.२ वर. उजव्या हाताच्या व्यंजनांच्या की १.५ वर. करंगळीच्या दोन की, च आणि ट, १.२ वर, कारण माझी करंगळी अशक्त आहे आणि पूर्वी ‘ट’ सुटायचा. शिफ्ट १ वर, इनस्क्रिप्टमध्ये ती सतत लागते. पंधरा दिवसांत चुका जुन्या कीबोर्डपेक्षा कमी झाल्या. पत्रिका टाइप करणाऱ्याला याचा उपयोग होतो हे मला कुठल्याच व्हिडिओत ऐकायला मिळालं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आता खेळाचं. ०.१ की ०.५ यावर लोक भांडतात, पण माझ्या अनुभवात खाली जाण्याच्या खोलीपेक्षा वर येण्याचा भाग मोलाचा आहे. साध्या स्विचमध्ये की सोडली असं नोंदायला ती एका ठरलेल्या बिंदूच्या वर यावी लागते. रॅपिड ट्रिगरमध्ये ती कुठेही असो, मी सांगितलेल्या अंतराइतकी वर आली की सुटली, परत तेवढी खाली गेली की दाबली. काउंटर-स्ट्राइकमध्ये पळताना गोळी सरळ जात नाही. थांबायला ए सोडून क्षणभर डी दाबावी लागते. की सुटायला उशीर झाला की थांबायलाही उशीर. ही सुटका लवकर झाली की फरक हाताला जाणवतो, मुंबईच्या सर्व्हरपर्यंत पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, चाळीस मिलिसेकंद असतानाही. माझं डब्ल्यू, ए, एस, डी ०.५ वर आहे आणि रॅपिड ट्रिगर ०.१५.

पण हे सगळ्या कींवर लावू नका. बॉम्ब निकामी करायला ई दाबून ठेवावी लागते, गेममधलं निकामी करायचं किट असेल तर ५ सेकंद, नसेल तर १०. ईवर रॅपिड ट्रिगर असेल आणि त्या ताणात बोट केसभर वर आलं, तर निकामी करणं तुटतं आणि पहिल्यापासून सुरू. माझं असं एकदा झालं, शेवटच्या राउंडला. तेव्हापासून ईवर ते बंद. शिफ्टवरही बंद, कारण ती दाबून हळू, बिनआवाज चालता येतं आणि बोट जरा सैल पडलं की पावलांचा आवाज होतो. जी म्हणजे हातातली बंदूक टाकून देणं. ती मी ३ मिलिमीटरवर नेली, ठरवून दाबल्याशिवाय बंदूक पडत नाही. रिलोडची आर २ वर.

दोन उलट कींपैकी शेवटची दाबलेली धरायची, ही सोयही या बोर्डांवर असते. रेझरने ती स्नॅप टॅप नावाने जुलै २०२४ मध्ये आणली आणि ऑगस्टमध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर तिला बंदी घातली. भाचा व्हॅलोरंट हा दुसरा गेम खेळतो, तो काय ते ठरवेल. मी ती बंद ठेवली आहे, आणि बंदी नसती तरी बंदच ठेवली असती. थांबण्यासाठी दोन बोटांचा मेळ बसवायला मला चार वर्षं लागली आहेत.

चुंबकी बोर्डालाही हवा लागतेच. पाती नसली तरी यूएसबीचं तोंड धातूचंच आहे, म्हणून रात्री केबल काढून बोर्ड सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवतो. स्पीकर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेले, चुंबक चुंबकाजवळ नको. आणि एप्रिलच्या उकाड्यात एकदा, जुलैत एकदा असं कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची मोजणी पुन्हा जुळवणं, करायचं ठरवलं आहे.

गुरुजींना नंतर मी स्क्रीनवर डीची खोली दाखवली. त्यांनी स्वतः बोट ठेवून आकडा ० वरून २.२ पर्यंत जाताना पाहिला, मग परत वर आणला, परत खाली नेला. तीन-चारदा केलं. “म्हणजे इथे मोडतो पाय,” एवढंच म्हणाले आणि कार्तिकातल्या जत्रेच्या हँडबिलाचा कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला.