आजीचा वाढदिवस कधी?

आजी तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. ती जन्मली त्या दिवशी नागपूरच्या महाल भागात पोरंटोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत फिरत होती, एवढंच नक्की. आधारकार्डावर १ जानेवारी आहे. ती कुणी ठरवली ते तिलाही ठाऊक नाही.

मोबाईलवर तिच्या वाढदिवसाची आठवण लावायला बसलो आणि फसलो. तान्हा पोळा २०२३ला १५ सप्टेंबर, २०२४ला ३ सप्टेंबर, २०२५ला थेट २३ ऑगस्ट. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, असे बारा म्हणजे ३५४. सूर्याचं वर्ष ३६५चं. दरवर्षी अकरा दिवसांची उधारी. मोमिनपुऱ्यातली ईद ही उधारी फेडायच्या भानगडीतच पडत नाही, म्हणून तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू हिंडून येते. आपण मात्र पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून खातं जुळवतो. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. २०२६ला अधिक ज्येष्ठ, म्हणजे आजी परत सप्टेंबरात.

एकोणीस वर्षांत २३५ चांद्रमहिने जवळपास चपखल बसतात. २००६चा दसरा २ ऑक्टोबरला, २०२५चाही. पण ‘जवळपास’च, २००४चा २२ला होता, २०२३चा २४ला. दीक्षाभूमीनं यावर सरळ तोडगा काढलाय. धम्मदीक्षा झाली ती १९५६ची विजयादशमी १४ ऑक्टोबरला होती, म्हणून तिथे तिथीही पाळतात आणि तारीखही.

खरी गंमत २०२५ला झाली. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी. चंद्राची चाल कमीजास्त, त्यामुळे तिथी कधी एकोणीस तासांत उरकते, कधी सव्वीस तास रेंगाळते. एरवी सूर्योदयाची तिथी ती दिवसाची, पण पोळ्याला संध्याकाळची अमावास्या लागते. त्या वर्षी ती २२ ऑगस्टला दुपारच्या सुमारास लागली आणि २३ला दुपारच्या आधी संपली. म्हणजे पोळा २२ला, तान्हा पोळा २३ला. पण २३ला उजाडताना पंचांगात अजून अमावास्याच, शनिवारची. सूर्योदयाचा नियम लावला तर आजीची प्रतिपदा २४ला! (शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकूंना विचारायला गेलो, तर त्यांचा सावन दोन आठवड्यांपूर्वी पौर्णिमेलाच संपलेला. त्यांच्या लेखी ही भादोची अमावस.)

मी कागदावर अंश, तास मांडून आजीला समजावत होतो. वाढदिवस उद्या करायचा की आज, एवढंच विचारायचं होतं. रस्त्यावरून ढोल ऐकू आला, पाठोपाठ तान्ह्या पोळ्याला रोगराई घालवायला निघणाऱ्या पुतळ्याच्या मिरवणुकीची आरोळी, ‘घेऊन जा गे मारबत!’

“मारबत निघाली न?” आजी म्हणाली. “मंग आजच. कालची पुरणपोळी हाये, ते गरम कर.”