हलव्याला काटे, चिक्कीला काच

संक्रांतीच्या वाटीत काटेरी हलवा आणि तिळगुळाचे लाडू एकत्र असतात. दोन्ही पाकाचेच पदार्थ, पण त्यांचं शास्त्र एकमेकांच्या अगदी उलट. हलव्यात साखरेचे स्फटिक व्हायलाच हवेत. लाडवात आणि चिक्कीत मात्र ते झाले की घात झाला. हे लक्षात आलं की पाकाच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर मिळतं. (गूळपोळी या भानगडीत नाही. तिथे गूळ किसून वापरतात, पाक करायचाच नसतो.)

आधी गुळाचं बघू. पाक उकळतो म्हणजे त्यातलं पाणी उडतं, आणि पाणी जितकं कमी उरेल तितकं उकळण्याचं तापमान वर चढतं. शुद्ध साखरेच्या पाकात 115 अंश सेल्सिअसला सुमारे 15 टक्के पाणी उरलेलं असतं, 150 ला जेमतेम 1 टक्का. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून बघण्याची आजीची पद्धत म्हणजे हेच मोजमाप. थेंब विरघळला तर पाणी जास्त आहे. बोटांनी मऊ गोळी वळली तर गोळीबंद पाक. गोळी घट्ट झाली आणि ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजली तर चिक्कीचा पाक. थर्मामीटर वापरणार असाल तर आधी तो उकळत्या पाण्यात बुडवून बघा. लोणावळ्याच्या उंचीवर पाणी 98 च्या आसपासच उकळतं, मग पाकाचे सगळे आकडेही 2 अंशांनी खाली धरायचे. गुळाच्या बाबतीत मात्र मला वाटीतलं पाणीच जास्त भरवशाचं वाटतं, कारण प्रत्येक ढेपेतला ओलावा वेगळा असतो.

चिक्कीचा पाक झटकन गार झाला की साखरेच्या रेणूंना रांगेत बसायला सवड मिळत नाही. ते आहेत तसे गोठतात. शास्त्राच्या भाषेत ही काच. म्हणून चांगली चिक्की चकाकते आणि कटकन तुटते. गुळाचा यात फायदा असा की त्यात साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. हे वेगळ्या आकाराचे रेणू मध्ये घुसून साखरेचा स्फटिक जमू देत नाहीत. चिक्कीचा गूळ हाताला चिकट लागतो आणि त्याचा पाक ताणला जातो. रवाळ साध्या गुळाचे लाडू भुसभुशीत होतात. काहींना तेच आवडतात, पण मग ‘कुरकुरीत का झाले नाहीत’ असं विचारायचं नाही.

पाव किलो तिळाला पाव किलो चिक्कीचा गूळ, अर्धी वाटी दाण्याचं जाडसर कूट आणि दोन चमचे तूप. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे. ते कच्चे राहिले तर आतला ओलावा नंतर पाकात उतरतो आणि लाडू दुसऱ्या दिवशी चिवट लागतात. जाड बुडाच्या कढईत तूप आणि गूळ मध्यम आचेवर वितळवा. लाडवाला थेंबाची घट्ट गोळी झाली की थांबा, चिक्कीला टण्ण आवाज येईपर्यंत. गॅस बंद करून चिमूटभर खायचा सोडा घाला. उष्णतेने आणि गुळातल्या आंबटपणाने सोड्यातून वायू सुटतो, पाकात बारीक बुडबुडे अडकतात आणि दाताखाली लाडू सहज फुटतो. सोडा जास्त झाला तर रंग काळपट आणि चव साबणासारखी. तीळ कोमट असतानाच मिसळा. गार तीळ टाकले की पाक तिथल्या तिथे आवळतो. वळता वळता मिश्रण दगड झालं तर कढई मिनिटभर मंद आचेवर ठेवा. पाणी शिंपडू नका, त्याने चिकटपणा वाढतो. चिक्की पोळपाटाला तूप लावून गरम असतानाच लाटायची आणि वड्याही तेव्हाच आखायच्या.

हलव्याचं गणित निराळं, आणि संयमाचं. 250 ग्रॅम साखरेला साधारण निम्मं पाणी आणि चमचाभर दूध. उकळी आली की दुधातली प्रथिनं गोठतात आणि कचरा धरून वर येतात. ती मळी काढून पाक गाळा, एकतारी ठेवा. परातीत मूठभर तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन अगदी मंद आचेवर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाणी उडतं, दाण्यावर साखरेचा थर बसतो. पुढचा पाक त्याच स्फटिकांवर वाढतो. ओले दाणे एकमेकांना टेकून सुटतात तेव्हा पाकाची टोकं ओढली जातात आणि तीच वाळून काटे होतात. पहिला थर पूर्ण वाळायच्या आत दुसरा चमचा घातला की आलेले काटे विरघळतात आणि दाण्यांच्या गुठळ्या होतात. आच मोठी झाली तर हलवा पिवळा पडतो.

लिंबाचा रस मात्र जपून. आम्लामुळे साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, म्हणजे चिक्कीत हवी असलेली अडवणूक हलव्यात येऊन बसते. दाणे चिकट राहतात, काटा धरत नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेतही तेच होतं, म्हणून तिथे दर दोन थरांमध्ये जास्त वेळ.

फसलेला हलवा फेकू नका. पाण्यात विरघळवून गाळला की पाक परत मिळतो. टण्ण झालेला गुळाचा पाकही दोन चमचे पाणी घालून मागे आणता येतो. करपलेला मात्र नाही.