लिव्हरपूलच्या काचेआडचे सात पोपट

लाइम स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडलं की समोर सेंट जॉर्जेस हॉलचे थोराड खांब. त्याच्या मागे, विल्यम ब्राऊन स्ट्रीटवर लिव्हरपूलची सेंट्रल लायब्ररी. लेक मँचेस्टरला राहते, तिथून रेल्वेने यायला तासही लागत नाही. लायब्ररीच्या दारासमोरच्या फरशीत पुस्तकांची नावं कोरलेली आहेत. लेक ती वाचत रेंगाळली, मी मात्र सरळ आत शिरले. मला एकच पुस्तक पाहायचं होतं.

पिक्टन रीडिंग रूमचा प्रचंड घुमट, मग हॉर्नबी लायब्ररी, आणि तिच्या पलीकडे ओकच्या लाकडाने मढवलेली ओक रूम. तिथे काचेच्या पेटीत चित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉनच्या 'द बर्ड्स ऑफ अमेरिका' या पक्ष्यांच्या चित्रांच्या पुस्तकाचा एक खंड उघडा ठेवलेला असतो. ठरावीक दिवसांनी पान उलटतात. त्या दिवशी सव्विसावं चित्र होतं, कॅरोलिना पोपटांचं.

झुडपावर सात पोपट. हिरवं अंग, पिवळं डोकं, चोचीभोवती केशरी. एकाचं डोकं मात्र अजून हिरवंच, ते पिल्लू. झुडूप पाहून मी चकितच झाले. आमच्या वऱ्हाडात धुऱ्यावर माजतं ना, साडीला काटेरी फळं चिकटवणारं गोखरू, त्याच्याच जातीचं! या पोपटांना त्याच्या बिया फार आवडत. फळबागांवर आणि धान्यावर उतरतात म्हणून शेतकऱ्यांनी त्यांचे थवेच्या थवे गोळ्या घालून पाडले. पिंजऱ्यातला शेवटचा १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. काचेपुढे उभी असताना हे आठवत होतं, आणि ते सातही इतके जिवंत दिसत होते की पाय निघेना.

पान सव्वातीन फूट उंच आणि सव्वादोन फूट रुंद. ऑड्युबॉनचा हट्टच होता की प्रत्येक पक्षी खऱ्या आकाराचा हवा. फ्लेमिंगो पानात मावेना, तर त्याने त्याची मान खाली वाकवून काढली. पक्षी मारून, चौकोन आखलेल्या फळीवर तारांनी उभे करून तो चित्रं काढायचा. अमेरिकेत छापणारा मिळाला नाही, म्हणून वयाच्या ४१ व्या वर्षी चित्रांचा गठ्ठा घेऊन तो बोटीने निघाला आणि २१ जुलै १८२६ ला याच लिव्हरपूलला उतरला. इथल्या रॅथबोन या व्यापारी कुटुंबाने त्याला आधार दिला. दहा दिवसांत कोल्क्विट स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शनही भरलं.

छपाई आधी एडिंबरोत विल्यम लिझार्सकडे सुरू झाली. पहिली दहा चित्रं तिथे कोरली गेली, आणि १८२७ मध्ये रंग भरणाऱ्यांनी संप केला. मग काम लंडनला रॉबर्ट हॅवेल पितापुत्रांकडे गेलं आणि १८३८ ला पूर्ण झालं. पाच चित्रांचा एक हप्ता, त्यात एक मोठं, एक मध्यम आणि तीन लहान. किंमत दोन गिनी, म्हणजे दोन पौंड दोन शिलिंग. असे ८७ हप्ते, म्हणजे ४३५ चित्रं आणि एकूण १८२ पौंड १४ शिलिंग.

तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायच्या. सावलीसाठी राळेची बारीक भुकटी पसरून, तापवून चिकटवायची आणि पत्रा आम्लात बुडवायचा. भुकटीच्या कणांमधून आम्ल तांबं खातं आणि छापताना तिथे करडी झाक उठते. पण यातून मिळतं ते काळंपांढरं चित्र. पोपटाचा हिरवा, पिवळा, केशरी, सगळं नंतर जलरंगात, हाताने, पानामागून पान. समोर नमुन्याचं पान ठेवायचं आणि एकेकाने आपल्या वाट्याचा रंग भरून पान पुढे सरकवायचं. पावणेदोनशे संच धरले तरी ७६ हजारांवर पानं होतात! हॅवेलकडे पन्नासेक माणसं हे काम करत, त्यांत बायकाही होत्या.

आणि पानाच्या तळाशी? डाव्या कोपऱ्यात ऑड्युबॉन. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कोरणं, छापणं आणि रंगवणं या सगळ्याचं श्रेय हॅवेल या एकाच आडनावाला. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

अकोल्याला मामाचा फोटो स्टुडिओ होता. मागच्या खोलीत मामी काळ्यापांढऱ्या फोटोंना रंग भरायची. काडीला कापूस गुंडाळून नवरीच्या गालाला गुलाबी, शालूच्या काठाला पिवळा. फोटोच्या मागे शिक्का स्टुडिओचा. वर्षानुवर्षं आम्हा कुणालाच त्यात काही वाटलं नाही. मला ते खटकायला लिव्हरपूल गाठावं लागलं.

दुपारी कोल्क्विट स्ट्रीटवरची ती जुनी इमारत पाहिली आणि मर्सी नदीकाठी गेलो. ऑड्युबॉन आला त्या जहाजात कापूस होता, गुलामांच्या कष्टाचा. त्याने स्वतःही माणसं विकत घेतली आणि विकली होती. हेही त्या पुस्तकाबरोबर सांगायलाच हवं. पुढे अमेरिकेत यादवी पेटली आणि तो कापूस थांबला, तेव्हा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर आमच्या वऱ्हाडावर वळली. खामगावची कापसाची पेठ तेव्हापासूनच फुगली.

रात्री मामीला फोन केला. ती आता ८४ वर्षांची आहे. सात पोपट, गोखरू, तांब्याचे पत्रे, सगळं सांगितलं. नातवाच्या फोनवर फोटो पाठवला होता, तोही तिने पाहिला.

"पिवळा आधी भरला असंल," ती म्हणाली. "फिकट आधी, गडद मागून. मानेपाशी बघ, हिरव्याखालून पिवळा डोकावते."

मी फोटो मोठा करून पाहिला. डोकावत होता.