मरणारा माणूस नाचणार कसा?

शुक्रवार, रात्रीचे साडेबारा

झोप येईना म्हणून रोमिओ-ज्युलिएटचा बॅले लावला, रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हचं संगीत असलेला. त्यातला तो सरदारांचा नाच कित्येक वर्षं ओळखीचा आहे, ढॅण ढॅण करत येणारा, खत्रूड सासऱ्याची एन्ट्री असावी तसा, पण आज पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितला आणि मग वाचतच बसले.

तर गंमत म्हणजे १९३५ च्या उन्हाळ्यात प्रोकोफिएव्हने हे संगीत लिहिलं तेव्हा शेवट चक्क गोड होता! रोमिओ एक मिनिट आधी पोचतो, ज्युलिएट जिवंत सापडते, संपलं. का, तर जिवंत माणसं नाचू शकतात, मरणारी कशी नाचणार? आधी हसूच आलं, शेक्सपियरला गुंडाळून ठेवायला हे कारण! पण मग पटलंही, ऑपेरात मरता मरता दहा मिनिटं गाता तरी येतं, बॅलेत पायच आडवे झाले की बोलायचं कोणी.

पुढे त्याला कुणीतरी म्हणालं की तुझ्या शेवटच्या संगीतात खरा आनंद काही ऐकू येत नाही. हे वाचून मी फोन बाजूलाच ठेवला जरा वेळ. म्हणजे याने गोष्ट फिरवली पण सूर काही फिरायला तयार नव्हते. मग नृत्य बसवणाऱ्यांशी बोलल्यावर कळलं की मरणही नाचातून दाखवता येतं, आणि त्याने शेवट नव्याने लिहिला.

तरी भोग संपले नाहीतच, मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरवाल्यांना हे संगीत नाचण्याजोगंच वाटेना, त्यामुळे ऑर्केस्ट्रासाठी काढलेले तुकडे लोकांनी आधी ऐकले आणि बॅले पहिल्यांदा झाला तो १९३८ च्या डिसेंबरात, तोही रशियात नाही, चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोला. लेनिनग्राडला १९४० उजाडलं. नाच बसवणाऱ्या लाव्रोव्स्कीने तिथे प्रोकोफिएव्हकडून संगीतात भर घालून घेतली, नाचणारे कुरकुरत होते की स्टेजवर ऑर्केस्ट्रा नीट ऐकूच येत नाही, आणि ज्युलिएट झालेली उलानोवासुद्धा सुरुवातीला या संगीताची चेष्टाच करायची म्हणे.

मी बघितला तो नृत्यदिग्दर्शक मॅकमिलनने १९६५ मध्ये लंडनला बसवलेला. त्यात थडग्याशी रोमिओ ज्युलिएटला उचलतो आणि तिच्याबरोबर नाचायला बघतो, आधी दोघं नाचायचे तसंच, पण तिचे हात नुसते लोंबतायत, मान मागे पडतेय, तो पुन्हा पुन्हा सावरतोय. तेवढाच भाग तीनदा मागे नेऊन बघितला.